हाताचा हिशेब

मराठी वर्तमानपत्रांत ‘गॅस्ट्रो’ हा शब्द पावसाळ्यात उगवतो. जलवाहिनी फुटली, विहिरीत गढूळ पाणी उतरलं, गावात गॅस्ट्रोची साथ. त्यामुळे मोठ्या रुग्णालयातल्या एखाद्या निवासी डॉक्टरने फोनवर ‘मी सध्या गॅस्ट्रोला आहे’ म्हटलं, की गावाकडची आत्या घाबरून विचारते, ‘सलाइन लावलं का रे?’ त्याला सांगायचं असतं की तो गॅस्ट्रोएंटरॉलॉजी विभागात, साध्या मराठीत पोटविकार विभागात, डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, करतो आहे. गंमत अशी, की साथीतले जुलाब-उलट्यांचे रुग्ण या विभागाच्या वाट्याला जवळपास येतच नाहीत; ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर मेडिसिनच्या वॉर्डात बरे होऊन घरी जातात. इथे येतो तो रक्ताची उलटी झालेला, डोळे हळदीसारखे पिवळे झालेला, पोटात पाणी साठून टम्म फुगलेला, आणि या सगळ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त, ‘डॉक्टर, गॅस वर चढतो’ म्हणणारा.

हा डॉक्टर घडतो कसा? वर्षांत मोजायचं तर हिशेब सोपा आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, डीएमची तीन, एकूण साडेअकरा. मधल्या प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं आणि बंधपत्रित सेवा यात धरलेली नाही. २०१७ पासून डीएमचे प्रवेश नीट-एसएस या देशपातळीवरच्या एकाच परीक्षेतून होतात. त्याआधी प्रत्येक राज्याची, प्रत्येक संस्थेची परीक्षा वेगळी, आणि उमेदवार बॅग भरून गावोगाव फिरायचा. ती वणवण थांबली हे चांगलंच झालं. पण निवड होते ती बहुपर्यायी प्रश्नांवर, म्हणजे पाठांतरावर आणि वेगावर. पुढची तीन वर्षं मात्र जे शिकायचं त्यातला निम्माअधिक भाग हाताचा आहे. गवयाची निवड लेखी परीक्षेवर करावी तसा हा प्रकार. तरीही बहुतेक जण शिकतात, हे आपल्या वॉर्डांचं श्रेय.

जगातही वर्षांचीच मोजणी चालते. अमेरिकेत मेडिसिनची तीन आणि पोटविकाराची तीन. ब्रिटनने २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात पोटविकाराचं प्रशिक्षण पाच वर्षांवरून चारवर आणलं, आणि तेव्हापासून तिथले शिकणारे आणि शिकवणारे दोघेही कुरकुरताहेत. वर्षं कमी की जास्त हा वाद मला दुय्यम वाटतो. त्या वर्षांत हाताला काय मिळालं, आणि ते कोणी मोजलं का, हा मुद्दा आहे.

हात म्हणजे काय, ते जरा थांबून पाहू. रुग्ण ज्याला ‘दुर्बीण’ म्हणतात आणि विभागात सगळे ‘स्कोप’ म्हणतात, तिचा मुठीचा भाग डाव्या हातात असतो. अंगठ्याने मोठं चाक फिरवलं की टोक वर-खाली होतं, लहान चाकाने डावी-उजवीकडे. तर्जनी आणि मधलं बोट दोन बटणांवर. एकाने हवा-पाणी सोडायचं, दुसऱ्याने शोषून घ्यायचं. उजव्या हातात नळी. ती ढकलायची, ओढायची, पिळायची. नवशिक्याला तीनपैकी एकच येतं, ढकलणं. म्हणून कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या, खोलीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य असतं, ‘ढकलू नकोस, मागे घे.’ मोठ्या आतड्याचा डावीकडचा खालचा भाग पोटात मोकळा लोंबत असतो. नळी तिथे वेटोळं घेते. मग जितकं ढकलावं तितकं वेटोळं मोठं होतं, टोक जागचं हलत नाही आणि रुग्ण कळवळतो. मागे घेत उजवीकडे पिळलं की वेटोळं सुटतं आणि आतडं नळीवर गोळा होत येतं, परकराच्या नेफ्यातून नाडी ओढताना कापड चुण्या पडून गोळा होतं तसं. हे पुस्तकात दोन ओळींत लिहिलेलं असतं. हाताला कळायला शंभर-दीडशे रुग्ण लागतात.

सरकारी रुग्णालयात गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे घशातून जठराची तपासणी, बहुतेक वेळा भूल न देता होते. घशात झायलोकेनचा फवारा, डाव्या कुशीवर झोपवायचं, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी, आणि डोकं धरायला मावशी. ‘लांब श्वास घ्या, लाळ गिळू नका, बाहेर सोडा’ हे ती डॉक्टरच्या आधी सांगते. या मावशीला एक थोर पूर्वज आहे. जर्मनीत रुडॉल्फ शिंडलर यांनी १९३२ मध्ये अर्धवट वाकणारी दुर्बीण बनवून घेतली, तेव्हा रुग्णाचं डोकं योग्य कोनात धरून बसण्याचं काम त्यांची पत्नी करत असे. डोकं धरणाऱ्याचं कौशल्य चुकलं तर शिंडलरचं कौशल्य फुकट. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची, पूर्ण वाकणारी दुर्बीण आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली. आपण आज ज्याला एंडोस्कोपी म्हणतो तिची सुरुवात तिथे झाली. शिकाऊ डॉक्टरने एकदा तरी स्वतःवर करून घ्यावी, असं काही जुने शिक्षक म्हणतात. मला ते पटतं. सक्तीने मात्र नको.

किती केल्या म्हणजे आली? अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेच्या जुन्या मार्गदर्शनात किमान आकडे दिले होते: गॅस्ट्रोस्कोपी १३०, कोलोनोस्कोपी १४०, ईआरसीपी (पित्तनलिकेत शिरण्याची प्रक्रिया, तिच्याबद्दल पुढे) २००. त्या त्या संख्येनंतर शिकणाऱ्याचं मूल्यमापन सुरू करावं, असा त्यांचा अर्थ; तिथे शिक्षण संपलं असा नव्हे. आपल्याकडे तो नेमका उलटा लावला जातो. गॅस्ट्रोस्कोपीचा १३० चा आकडा मुंबईतल्या मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या विभागात पहिल्या वर्षाचा निवासी काही आठवड्यांतच पार करतो, आणि मग कोणी मोजतच नाही. लॉगबुक भरलं जातं, शेवटच्या महिन्यात, रात्री जागून, मागच्या तारखांनी. त्यात किती केल्या ते असतं. आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत किती वेळा पोचला, किती वेळा सीनिअरने हातातून स्कोप घेतला, किती रुग्णांना त्रास झाला, हे रकाने त्यात नसतात.

मोजणीने काय होतं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो. ब्रिटनमध्ये १९९९ च्या सुमारास नऊ हजारांवर कोलोनोस्कोपींची पाहणी झाली. डॉक्टर म्हणत होते, आम्ही ७७ टक्के वेळा आतड्याच्या टोकाला पोचतो. पोचल्याचा काटेकोर पुरावा मागितला तेव्हा आकडा ५७ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभरातल्या त्रेचाळीस तपासण्या अर्धवट, आणि तेही ज्या देशाची वैद्यकीय पदवी आपल्याकडे आदराने घेतली जाते तिथे. त्याहून लाज वाटावी असा दुसरा आकडा निघाला: पहिल्या शंभर कोलोनोस्कोपी कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेले डॉक्टर जेमतेम १७ टक्के होते. बाकीचे आपले आपण शिकले होते. हे आकडे दाबून ठेवले गेले नाहीत. प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, शिकवणाऱ्यांनाही शिकवलं गेलं, प्रत्येक डॉक्टरचे आकडे केंद्राकडे जाऊ लागले, प्रत्यक्ष पाहून गुण द्यायची पद्धत आली. बारा वर्षांनी पुन्हा देशभर मोजलं तेव्हा काटेकोर निकषावरही आकडा नव्वदीच्या वर गेला होता. यंत्रं मधल्या काळात सुधारली हे खरं, पण नुसत्या यंत्राने एवढी उडी पडत नाही.

आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. रुग्ण उदंड, देखरेखही असते, पण नोंद नाही. आणखी एक अडचण कमी बोलली जाते. भारताच्या राष्ट्रीय कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. मोठं आतडं नाही. अमेरिकेतला शिकाऊ डॉक्टर ठणठणीत माणसांच्या आतड्यांत सपाट, जेमतेम दिसणारे पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या वाढी, शोधत डोळा तयार करतो. आपला शिकतो तो रक्तस्राव, क्षय, जुनाट जुलाब झालेल्यांवर. त्याचा हात लवकर तयार होतो, डोळा वेगळ्या गोष्टींवर.

ईआरसीपी ही वेगळीच चीज. पित्तनलिकेच्या तोंडात, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचवट्यात, कडेने पाहणाऱ्या स्कोपमधून तार सरकवायची. १९६८ मध्ये या तोंडात दुर्बिणीतून पहिल्यांदा नळी सरकवली गेली, १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये तेच तोंड कापून खडे काढायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून कावीळ झालेल्या असंख्य रुग्णांची उघडी शस्त्रक्रिया टळली. पण शंभरातल्या तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते, आणि जास्त झटापट केली तर धोका वाढतो. म्हणून शिक्षकाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की शिकणाऱ्याला किती मिनिटं द्यायची. माझ्या मते हे प्रशिक्षणातलं सर्वांत अवघड शिक्षकी काम आहे, आणि त्याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नसतं. सरासरी डीएमला तीन वर्षांत ईआरसीपी पक्की येत नाही. मग आणखी एक वर्षाची फेलोशिप, बऱ्याचदा हैदराबादला. डी. नागेश्वर रेड्डी यांनी तिथे उभं केलेलं काम इतकं मोठं आहे की जगभरचे डॉक्टर हात शिकायला तिकडे येतात. रेड्डींना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

हाताइतकाच डोक्याचा भाग, आणि तिथे आपलं विलायती पाठ्यपुस्तकांवरचं अवलंबन उघडं पडतं. सगळे स्लायझेंजर-फोर्डट्रान वाचतात, वाचलंच पाहिजे. पण त्यातला आतड्याचा क्षय हा कोपऱ्यातला विषय आहे, आणि आपल्या वॉर्डात तो रोजचा. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे व्रण असलेला, वजन घटलेला, अधूनमधून ताप येणारा पंचविशीचा तरुण. क्षय की क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याची जुनाट सूज? दोन्ही त्याच जागी बसतात, दोन्हीत व्रण, बायोप्सीत दोन्हींत गाठीसारख्या पेशीसमूहांचे ठिपके. आडवे व्रण क्षयाकडे झुकवतात, उभे लांब व्रण क्रोन्सकडे, पण झुकवतात इतकंच. जंतू हाती लागले तर प्रश्न मिटतो; अनेकदा लागत नाहीत. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला क्षय, तर तो अंगभर पसरू शकतो. क्षय समजून सहा-नऊ महिने गोळ्या दिल्या आणि निघालं क्रोन्स, तर तेवढ्यात आतडं आकसतं, वर गोळ्यांनी यकृताला इजा होण्याचीही भीती. म्हणून भारतीय डॉक्टरांनी वापरातून एक रीत बसवली: क्षयाचं औषध सुरू करा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कोप टाका, व्रण भरले असतील तर क्षय, नसतील तर पुन्हा विचार. अनिश्चिततेत तीन महिने रुग्णाला धरून ठेवायला, त्याच्या आईला ‘नक्की काय ते आत्ता सांगता येत नाही’ हे सांगायला जो शिकला, तो अर्धा तयार झाला असं मी मानतो.

या शास्त्राची भारतीय घडण तशी जुनी आहे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी १९६० ची. चंडीगडच्या पीजीआयमध्ये पी. एन. छुटानी आणि दिल्लीच्या एम्समध्ये बी. एन. टंडन यांच्या पिढीने स्वतंत्र विभाग आणि विद्यार्थी घडवले. काश्मीरमध्ये १९७८ च्या काविळीच्या साथीत मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले. गरोदर बायका या साथीत विलक्षण प्रमाणात दगावत होत्या, आणि रक्तात तेव्हा माहीत असलेले विषाणू सापडत नव्हते. हा वेगळाच विषाणू आहे, हे त्यांनी १९८० मध्ये मांडलं. तो आजचा हिपॅटायटिस ई.

पण माझं आवडतं उदाहरण पुण्याचं आहे. लहान मुलांचं यकृत कडक होऊन ती वर्षा-दीड वर्षात दगावायची, भारतातच मुख्यतः दिसणारा आजार. त्या यकृतांत तांबं भरमसाट सापडायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात घरोघर विचारपूस केली, तेव्हा धागा स्वयंपाकघरात गेला: बाळाचं वरचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलं जात होतं. आपल्या आज्या कल्हई उडाली की भांडं बाजूला ठेवायच्या, तो नियम आंबट पदार्थांसाठी होता. दुधाचा विचार कोणी केला नव्हता. स्टीलची भांडी आली, सल्ला पसरला, आणि आजार जवळपास नाहीसा झाला. आजचे निवासी तो पाठ्यपुस्तकात चार ओळींत वाचतात. हा शोध दुर्बिणीने लागला नव्हता. ‘दूध कशात तापवता, बाई?’ या प्रश्नाने लागला होता.

असे प्रश्न आजही लागतात. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, वाद झाला. पण त्यानंतर ‘कुठलं औषध घेता?’ हा प्रश्न पुरेसा नाही हे निवासी शिकले, कारण काढ्याला कोणी औषध म्हणत नाही. तसंच उंदीर मारायच्या पेस्टचं. तिच्यातला पिवळा फॉस्फरस पोटात गेलेली मुलगी पहिले एक-दोन दिवस हसतखेळत असते, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि तिसऱ्या दिवसापासून यकृत कोसळतं. उतारा नाही. तिला पहिल्या दिवशी घरी सोडू नये, हे जो एकदा चुकून शिकला तो जन्मात विसरत नाही.

आता त्या गॅसवाल्यांकडे. ओपीडीची सर्वांत लांब रांग त्यांची. तपासण्या सगळ्या ठीक, आणि त्रास मात्र खरा. कामाच्या पाळ्या, झोप, कर्ज, सासर, भीती, सगळं पोटात उतरलेलं. जागतिक तज्ज्ञांनी रोममध्ये बसून या त्रासांचे निकष ठरवले, ते परीक्षेला पाठ असतात. पण दोन मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या निवासीला बोलायला वेळ कुठला? तो स्कोप लिहून देतो, कारण स्कोप लिहिणं बोलण्यापेक्षा झटपट होतं. मग स्कोपची यादी दोन महिने लांबते, आणि खरोखर कर्करोग असलेला माणूस त्याच यादीत मागे उभा असतो. विभागाची ही दुखरी जागा आहे आणि प्रशिक्षणात तिला तास नाही.

रात्रींबद्दल थोडंच लिहितो, कारण निवासी डॉक्टरांच्या रात्रींवर पुष्कळ लिहून झालंय. मी मेडिसिनचा रजिस्ट्रार असताना एका रात्री रक्ताच्या उलट्या करणारा रुग्ण घेऊन पोटविकार विभागाच्या दाराशी उभा होतो. एक स्कोप दुरुस्तीला गेलेला, दुसरा आधीच्या रुग्णानंतर जंतुनाशकात भिजत, घड्याळ लावून वीस मिनिटं. डीएमच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, तिच्या हातात रक्ताची पिशवी, एकदा रुग्णाकडे बघत होती, एकदा घड्याळाकडे. तिने वीस मिनिटं पुरी होऊ दिली. टेक्निशियन मामा म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही बरोबर.’ नंतर तिने फुगलेल्या शिरांवर पाच रबरी बँड लावून रक्त थांबवलं, ते मी पाहिलं. पण मला आठवतात ती वीस मिनिटं.

शरीराचंही काही बोललं जात नाही. डाव्या अंगठ्याचा सांधा, मान, खांदा. ईआरसीपीच्या खोलीत शिशाचा जड ॲप्रन. स्कोपची मूठ मोठ्या हातासाठी घडवलेली, त्यामुळे लहान हाताच्या डॉक्टरांची, म्हणजे बहुतेक बायकांची, बोटं बटणांपर्यंत ताणूनच पोचतात. क्ष-किरणांमुळे गरोदरपणाचं वेळापत्रक ईआरसीपीच्या वेळापत्रकाशी जुळवावं लागतं. ज्या शाखेत मुली कमी का येतात असं परिषदांमध्ये विचारलं जातं, तिथे उत्तर मुठीपासून सुरू करायला हरकत नाही.

डीएम झाल्यावर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाहीतर दोन कोटींचा दंड. तत्त्व मला मान्य आहे. जनतेच्या पैशाने शिकलात तर जनतेचं काही द्या. पण सेवा करायची तर स्कोप लागतो, बँड लागतात, धुणारा प्रशिक्षित माणूस लागतो. जिल्हा रुग्णालयात हे सगळं एकत्र क्वचित असतं, म्हणून हे डॉक्टर पुन्हा वैद्यकीय महाविद्यालयांतच जातात, आणि रक्ताची उलटी झालेला माणूस गडचिरोलीहून नागपूरकडे निघतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पडद्यावर पॉलिपभोवती चौकट काढून दाखवते. २०२५ मध्ये पोलंडमधल्या डॉक्टरांच्या अभ्यासात असं दिसलं, की हिची सवय लागल्यावर यंत्राविना केलेल्या तपासण्यांत पॉलिप सापडण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर आलं. हे मुरलेले लोक होते. ज्याचा डोळा अजून तयारच झालेला नाही, त्याच्यासमोर पहिल्या दिवसापासून ही चौकट ठेवायची का? माझं मत, पहिलं वर्ष नको. मत आहे, पुरावा अजून यायचाय.

शेवटी परीक्षा. महाराष्ट्रात ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक: एक मोठी केस, काही छोट्या, तोंडी. बाहेरगावचे परीक्षक येतात, वॉर्डात खुर्च्या मांडतात, उमेदवार जलोदराच्या रुग्णाचं पोट ठोकून दाखवतो, यकृत बोटाला लागतं का ते सांगतो. मग टेबलावर एक्स-रे, सीटी, एंडोस्कोपीची छायाचित्रं येतात; ‘हे काय दिसतंय?’ उमेदवार सांगतो. परीक्षक मान डोलवतात, चहा येतो. तीन वर्षं ज्या हाताने स्कोप धरला, त्या हाताकडे बहुतेक ठिकाणी कोणी पाहतही नाही. बाजूच्या खोलीत स्कोप धुवून, पुसून, कपाटात टांगलेले असतात. परीक्षेमुळे त्या दिवशी यादी बंद.